गॅलरीतली वसाहत

परमुलखात जाऊन वसाहती स्थापन करणारे जगाच्या इतिहासात पुष्कळ होऊन गेले. कुणी झेंडा रोवला, कुणी तोफ रोवली, कुणी व्यापाराच्या निमित्तानं आत शिरले आणि पुढे यजमानाकडेच भाडं मागू लागले. पण परक्या मुलखात चव्वेचाळीस वर्षं राहून, एक इंचही जमीन ताब्यात न घेता, केवळ प्रेशर कुकरच्या बळावर वसाहत उभी करणारा गृहस्थ माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो शारजात, अल मजाजला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. सगळी इमारत त्यांना चाचा म्हणायची. ते स्वतःला संस्थापक म्हणवत. कशाचे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डाला तीन घड्या होत्या आणि तिन्ही घड्यांवर ‘संस्थापक’ हाच शब्द होता, त्यामुळे विचारणाऱ्यालाच आपलं काहीतरी वाचायचं राहून गेलं असं वाटायचं.

“इथे काय होतं, मास्तर?” हे त्यांचं आवडतं वाक्य. मी मास्तर नाही. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांवर शंका घेण्याचा मला पगार मिळतो. पण लिफ्टमध्ये माझ्या काखेत पुस्तक दिसलं आणि त्यांनी मला मास्तर करून टाकलं. “इथे काय होतं? रेती. फक्त रेती, आणि मी.” मग ते खालिद लगूनच्या दिशेनं हात फिरवत. ती लगून त्यांच्या लेखी ‘आपली खाडी’ होती. पलीकडचे उंच मनोरे आपल्या समोर रांगत रांगत मोठे झाले, अशा कौतुकानं ते त्यांच्याकडे पाहत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ते इथे कसे आले, याची हकीकत मी अकरा वर्षांत तीसेक वेळा ऐकली. मी पहिल्या वर्षी ऐकली त्यात ते जहाजानं आले होते. चार वर्षांनी त्याच प्रवासात जहाजाचं गलबत झालं. अलीकडे गलबतावरून उतरून शेवटचा मैल ते पोहतही येऊ लागले होते. माझी मुलगी डोळे विस्फारून विचारायची, “चाचा, वेअर देअर शार्क्स?” आणि चाचा “होते की बेटा” म्हणायच्या आत स्वयंपाकघरातून चाचींचा आवाज यायचा, “विमानानं आले. खिडकीची सीट होती.”

चाचांचा धंदा कार्गोचा. शारजाच्या रोल्ला बाजारात एक गाळा, दोन नोकर, जाड काळे मार्कर आणि चिकटपट्टीचे डोंगर. इथल्या माणसांनी घरच्यांसाठी भरलेले खोके कोकणातल्या थेट उंबऱ्यापर्यंत पोचवायचे. रत्नागिरी आणि रायगडचा भूगोल चाचांना खोक्यांवरून पाठ होता. कुठल्या वाडीत दुधाची पावडर जाते, कुठल्या मोहल्ल्यात वाघाचं चित्र असलेली ब्लँकेटं जातात, कुणाच्या आईला गुडघ्यासाठी कुठलं मलम लागतं, सगळं. एवढं असून साधेपणानं धंदा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा त्यांनी नवा वजनकाटा घेतला आणि त्याचं उद्घाटन ठेवलं. लाल फीत, तबकात कात्री, आणि स्वतःच अध्यक्ष, स्वतःच प्रमुख पाहुणे. श्रोत्यांत दोन नोकर, मी, आणि खोका द्यायला आलेली एक मल्याळी नर्स, जिची ड्यूटी अर्ध्या तासात सुरू होत होती. चाचा रेतीपासून सुरू झाले. गलबत बंदराला लागेपर्यंत तिनं धीर धरला. मग “चाचा, यल्ला, जल्दी, प्लीज” म्हणत तिनं आपला खोका फितीसकट काट्यावर ठेवला. फीत तुटली, काट्यानं एकवीस किलो दाखवले, आणि चाचांनी जराही न डगमगता टाळ्या वाजवल्या. “उद्घाटन जनतेच्या हस्ते झालं,” ते म्हणाले.

पण खरी वसाहत होती त्यांच्या गॅलरीत. त्या गॅलरीत कधी कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही, कारण तिथे जागाच नव्हती. छतापर्यंत कुकर, बालद्या, गुंडाळलेल्या गाद्या, इस्त्र्या आणि घड्या घालायच्या खुर्च्या. इथून कायमचं परत जाणारं प्रत्येक कुटुंब आपल्या या चिजा चाचांकडे आणून द्यायचं, आणि नव्यानं येणाऱ्याला चाचा त्यातून एक संच द्यायचे. कुकर, बालदी, गादी, इस्त्री. हिंदू असो, मुसलमान असो, पुण्याचा असो की दापोलीचा, संच तोच. आम्ही आलो त्या दिवशी माझ्या बायकोनं दार उघडलं तर समोर बालदीत कुकर आणि कुकरमागे चाचा. तो कुकर आमच्याआधी तीन घरांत शिजून आला होता आणि त्याची शिट्टी सातव्या मजल्यापर्यंत ऐकू जाते.

संचाबरोबर भाषण मोफत. “पहिलं वर्ष कान उघडे, तोंड बंद. ‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य विमानतळावरच टाकून यायचं. आणि तीन महिने दिरहमला रुपयांनी गुणायचं नाही, नाहीतर चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही.” हा तिसरा नियम सांगणारे चाचा स्वतः मात्र चव्वेचाळीस वर्षांनंतरही भाजीवाल्यापुढे उभे राहून ओरडायचे, “कोथिंबिरीची जुडी दीड दिरहम? छत्तीस रुपये! गावात एवढ्यात शेत येतं!” जाणाऱ्या प्रत्येकाला विमानतळावर पोचवायला तेच जात. तुम्ही कधी जाणार, असं कुणी विचारलं की छाती पुढे काढून म्हणत, “वसवणाऱ्यानं शेवटी निघायचं असतं. बोटीच्या कप्तानासारखं.”

“बोट कुठे बुडतेय?” चाची विचारायच्या.

त्यांनी हे हसत विचारलं तरी ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नवी नवरी म्हणून त्यांना इथे आणताना चाचांनी ‘दोन वर्षांत परत’ असं सांगितलं होतं. पुढे मुलं झाली, शिकली, एक कॅनडात आणि एक अबुधाबीत गेली. मधल्या काळात गावी खाडीच्या वर दुमजली घर बांधून झालं. दर उन्हाळ्यात चाची दोन महिने तिथे जाऊन राहायच्या, झाडांना पाणी घालायच्या, आणि कुलूप लावून परत यायच्या. दिवाणखान्यातल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक पंधरा वर्षांत निघालं नव्हतं. “पाहुण्यासारखं काय बसायचं त्याच्यावर, भाऊ,” त्या मला म्हणाल्या होत्या. “राहायला जाऊ तेव्हा काढीन. दर वर्षी कुलूप लावताना त्या सोफ्याची माफी मागते मी.” उरलेले दहा महिने त्या रोज दुपारी गावाला फोन करायच्या. तास, दीड तास. चाचा त्याला ‘बायकांच्या गप्पा’ म्हणत.

दीड वर्षापूर्वी चाचांच्या अंगात राजकारण शिरलं. गावात पंचायतीची निवडणूक येत होती. “वसाहत झाली, व्यापार झाला,” ते लिफ्टमध्ये म्हणाले, “आता राज्यकारभार. मास्तर, मी सरपंच होतोय.” आणि त्याच संध्याकाळी आमच्यासमोर त्यांनी चाचींना शब्द दिला, “निवडून आलो की कायमचे जाऊ. सरपंचाला गावात राहावंच लागतं.” चाचींनी हातातला चहाचा ट्रे हळूच खाली ठेवला. इतकी वर्षं त्यांनी राजकारणातला र ऐकून घेतला नव्हता. त्या दिवसापासून मात्र प्रचाराच्या प्रत्येक बैठकीला भजी होऊ लागली.

जाहीरनामा मी लिहायचा होता. बैठकीत चाचा येरझारा घालत सांगत आणि मी लिहून घेई. पहिलं कलम, गावच्या बसथांब्याला एसी.

“बस दिवसातून दोनदा येते,” चाची म्हणाल्या.

“म्हणूनच तर! एवढी वाट बघायची म्हणजे एसी नको?”

दुसऱ्या कलमात खाडीकाठी मनोरा होता, तिसऱ्यात मनोऱ्यावर घड्याळ. पोस्टर माझ्या मुलीनं कंप्युटरवर केलं. त्यात चाचांच्या मागे सूर्य उगवत होता, आणि निरखून पाहिलं तर सूर्याखाली अल मजाजचे मनोरे होते. “बट व्हॉट इज अ सरपंच?” तिनं विचारलं. चाचा म्हणाले, “मेयर समज, बेटा. फक्त बकऱ्या जास्त.”

गावातली निम्मी कर्ती माणसं इथेच असल्यामुळे प्रचारही इथेच करायचा होता. इथे सभा, घोषणा, झेंडे या गोष्टींना वाव नाही. तेव्हा प्रचार म्हणजे जेवण. एका रविवारी आम्ही दुबईतल्या मुहैस्नाहला निघालो. तिथल्या कामगार वस्तीत त्यांच्या गावचे अकरा जण एका मजल्यावर राहत. मागच्या सीटवर चाची, आणि त्यांच्या मांडीला टेकून बिर्याणीचं पातेलं. चाची गाडीतच थांबल्या. आम्ही पातेलं घेऊन वर गेलो. दुमजली खाटांवर बसून माणसं जेवली, पोटभर जेवली, आणि चाचांनी एसीचं कलम वाचून दाखवलं. त्यावर दत्ता नावाचा सेंट्रिंगचा सुतार हात धुऊन पुढे आला.

“चाचा, एसी राहू दे. घरात पाणी नाय. बोअरला खारं पाणी लागलंय. माझी आई रोज चढण चढून हंडे आणते. तेवढं बघा.”

“नोंद घेतली आहे,” चाचा म्हणाले. मंत्री म्हणतात तसं म्हणाले, आणि मी तेव्हाच ओळखलं की नोंद कुठेच घेतलेली नाही.

आम्ही परत निघालो. मागून चाचींचा आवाज आला. “काय म्हणाला दत्ता? बोअरचंच ना? ती दोन उन्हाळ्यांपूर्वीच खारी झाली. देवळामागच्या जुन्या विहिरीचं पाणी गोड आहे, पण गाळानं भरलीय. गाळ काढला की अख्ख्या वाडीला पुरेल.”

चाचांनी मान वळवली. “तुला कुणी सांगितलं?”

“रोज दीड तास मी काय नुसतं सुनांबद्दल बोलते?”

मी आरशातून पाहिलं. चाची रिकाम्या पातेल्यावर हात ठेवून बाहेर पाहत होत्या. या गाडीतला राजकारणी मागच्या सीटवर बसलाय, असं मला त्याच वेळी वाटलं होतं. पण शंका पुराव्याशिवाय मांडू नये ही माझ्या नोकरीची शिस्त.

पुरावा महिनाभरानं आला. तालुक्याच्या गावी सरपंचपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी निघाली आणि त्यात चाचांचं गाव महिलांसाठी राखीव झालं. आरक्षण निघण्याआधी सहा महिने प्रचार करणारा उमेदवार सगळ्या तालुक्यात बहुधा हे एकटेच. गावाकडच्या पुतण्याचा फोन ठेवल्यावर ते एवढंच म्हणाले, “खलास.” मग गॅलरीत गेले, दोन बालद्या बाजूला सारल्या, आणि कुकरांच्या मधे खुर्ची टाकून बसले. दोन दिवस त्यांनी कुणालाही रेतीबद्दल काही सांगितलं नाही. इमारतीत काळजी पसरली. चाचींनी भजी केली नाहीत. मी गेलो तेव्हा त्या फोनवर नव्हत्या, नुसत्याच फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “या वर्षी पण प्लॅस्टिक नाही निघणार, भाऊ,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दत्ताचा फोन आला. चाचांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला. “चाचा, आई विचारते, चाची उभ्या राहतील काय? वाडीतल्या बायका म्हणतात, आमचं सगळं त्यांनाच माहीत आहे.”

चाचांचा चेहरा उजळला. ते खुर्चीतून उठले, कुकरांवर आपटले. “मास्तर, ऐकलंत? म्हणजे मीच! नाव तिचं, काम माझं. असं सगळीकडे चालतं.”

“म्हणजे मीच,” चाची म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. ट्रे खाली ठेवावा तसं ते वाक्य ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, यादीत माझं नाव आहे का बघा.” मी फोनवर मतदार यादी काढली. चाचींचं नाव होतं. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत त्यांनी कचेरीत जाऊन ते घालून घेतलं होतं. सहज म्हणून मी खाली पाहिलं, वर पाहिलं, पुढचं पानही पाहिलं. चाचांचं नाव नव्हतं. आरक्षण नसतं तरी त्यांना उभं राहता आलं नसतं. सदुसष्ट वर्षांच्या या राजकारण्यानं, मग कळलं, आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. निवडणूक असे तेव्हा ते इथे असत, आणि इथे मत देण्याचा प्रश्न नव्हता.

मी ते कसं सांगावं याचा विचार करत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावरून स्वतःच वाचलं. मग गॅलरीचं दार लोटून म्हणाले, “तिकीट काढायला हवं. फॉर्म भरायला चारच दिवस आहेत.”

चाची गेल्या. जाहीरनामा त्यांनी नेला नाही. एकच कलम होतं, तोंडपाठ होतं. घरोघर फिरायची गरज पडली नाही, कारण प्रत्येक घरात त्या वीस-पंचवीस वर्षं फोनवरून जातच होत्या. एकोणीस मतांनी निवडून आल्या. चाचांनी इमारतीत सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले, वॉचमनला दोनदा दिले, आणि रोल्ल्यातून गावाला एक खोका रवाना केला. त्यात ‘सरपंच’ अशी पितळी पाटी, फिरती खुर्ची आणि टेबलावर ठेवायची घंटा. आठवड्यानं चाचींचा निरोप आला. पाटी पोचली, घंटा शाळेला दिली, दोरखंड पाठवा, गाळ काढायचाय. शिवाय पहिल्याच बैठकीत त्यांनी ठरवून टाकलं होतं, की सरपंचाच्या खुर्चीशेजारी सरपंचाच्या नवऱ्याची खुर्ची ठेवायची नाही. हे चाचांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं. दुखावले असतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आठव्या मजल्यावर ते म्हणाले, “बघितलंत? दरारा याला म्हणतात.”

पण स्वतः जायचं नाव काढीनात. वसवणाऱ्यानं शेवटी निघायचं असतं. पावसाळा तिकडे येऊन गेला आणि चाचा इथे एकटेच खिचडी करत राहिले. कधी त्यात मीठ नसे, कधी फक्त मीठच असे. पोहत येण्याची हकीकत पुन्हा जहाजावर आली. एकदा माझ्या मुलीनं विचारलं, “सो देअर वॉज नथिंग हिअर?” तर म्हणाले, “होतं बेटा. बरंच होतं. मला तेव्हा दिसलं नाही.” आणि एका शुक्रवारी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. “मास्तर, तिकडे जायला मला भीती वाटते,” ते म्हणाले. “इथे मी संस्थापक. तिथे मी कोण? चव्वेचाळीस वर्षांनी जाणारा माणूस नवखाच. मला तिथे ओळखतात ते खोक्यावरच्या नावामुळे.”

मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. पण ते अकरा वर्षांपूर्वी आमच्या दारात ऐकलेलं होतं. मी समोरच्या गॅलरीत गेलो, एक बालदी काढली, त्यात एक कुकर ठेवला, वर इस्त्री ठेवली, काखेत गादी घेतली आणि सगळं त्यांच्या पुढ्यात मांडलं. “पहिलं वर्ष कान उघडे, तोंड बंद,” मी म्हणालो. “‘आमच्याकडे असं नसतं’ हे वाक्य विमानतळावरच टाकून जायचं. आणि रुपयांना दिरहमनं भागायचं नाही, नाहीतर सगळंच फुकट वाटायला लागेल.” कुणाचंही भाषण संपेपर्यंत गप्प बसलेले चाचा मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी कुकरचं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं. “शिट्टी बघितलीत का?” त्यांनी विचारलं. गाळा त्यांनी दोन्ही नोकरांच्या हवाली केला. विमानतळावर त्यांना मी पोचवलं. विमान कंपनीचे लोक गादी नेऊ देईनात, कुकर नेऊ दिला.

गॅलरीतली वसाहत आता आमच्या गॅलरीत आहे. बायको कुरकुरते, आणि नवीन कुणी आलं की कुकर तीच घासून देते. परवा चाचांकडून एक फोटो आला. पंचायतीच्या व्हरांड्यातला बाक, त्यावर अर्ज घेऊन बसलेली चार माणसं, आणि त्यांत तिसरे चाचा. मतदार यादीत नाव घालायला रहिवासी दाखला हवा होता. सरपंचबाईंनी सांगितलं म्हणे, “रांगेत या.” दुसरा फोटो दाखल्याचा. ‘सदर इसम मौजे मजकूर येथील कायमचे रहिवासी असून’ वगैरे, आणि खाली चाचींची सही, नीट, वळणदार. मागोमाग आवाजातला निरोप. त्यात कोंबडा आरवत होता, कुणीतरी विहिरीवर कळशी आपटत होतं, आणि चाचा म्हणत होते, “मास्तर, सोफ्याचं प्लॅस्टिक निघालं. ते जाऊ दे. हा दाखला बघा. चव्वेचाळीस वर्षं दर दोन-तीन वर्षांनी एक कागद नवा करत आलो. हा पहिला, ज्याच्यावर संपायची तारीख नाही.”

दाव्यांवर शंका घेणं हा माझा धंदा आहे. असा दाखला कचेऱ्यांतून जेमतेम सहा महिने चालतो, हे मला ठाऊक होतं. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पुन्हा वाचला. ‘कायमचे रहिवासी’ या दोन शब्दांपाशी बराच वेळ थांबलो. माझा स्वतःचा व्हिसा पुढल्या वर्षी संपतोय. मग मी त्यांना लिहिलं, “दाखला तपासला. अगदी बिनचूक आहे.”